हंडा मागायला वऱ्हाडात

खरं सांगायचं तर मी वऱ्हाडात गेले ती तिथलं काही चांगलं दिसू नये अशी इच्छा मनात धरूनच.

आधी थोडं घरचं सांगते. वाईच्या पुढे कृष्णाकाठी आमच्या गावात गोसावी महंतांचा जुना मठ आहे. मागे आमराई, पुढे नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या. महंत कधीच संपले, जमीन कुळांकडे गेली, उरली ती वास्तू आणि तिचा ट्रस्ट. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ट्रस्टची चिटणीस झाले आणि मठ मनावर घेतला. भिंतींवरचे सगळे रंग खरवडून काढले, चुन्याचा गिलावा दिला, सागवानाला तेलपाणी केलं. स्वयंपाकघरातल्या चुली काढून टाकल्या आणि धुराने काळ्या झालेल्या भिंती पांढऱ्याशुभ्र केल्या. अंगणात हिरवळ लावली. शनिवार-रविवार आम्ही मठ लोकांना बघायला उघडा ठेवतो. लोक येत नाहीत. चुकून एखादं जोडपं येतं, फोटो काढतं, स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतं आणि निघून जातं.

बाकीचे विश्वस्त कंटाळले. एका हॉटेलवाल्याने मठ लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने मागितला. माझ्या हिरवळीच्या जागी त्याला पोहण्याचा तलाव करायचा होता. महिनाअखेरीच्या बैठकीत सह्या व्हायच्या होत्या. मी त्यांच्याकडे तेवढीच मुदत मागून घेतली. म्हटलं, आपला हंडा वऱ्हाडात आहे, तो घेऊन येते. तो इथे मांडला की माणसं बघायला येतील. मग काय ते ठरवा.

हंड्याची गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याच एका महंताने वऱ्हाडात मंगरूळपीरच्या बाजूला दुसरा मठ काढला, तेव्हा इथला सदावर्ताचा, म्हणजे येईल त्याला जेवू घालण्याचा, तांब्याचा हंडा बैलगाडीत घालून तिकडे नेला. तो अजून तिथे आहे असं मला सांगितलं शोभाने. ही शोभा माझी पुण्यातल्या वसतिगृहातली खोलीसोबतीण. मंगरूळपीरकडची. माझी खाट सगळ्यात नीटनेटकी असायची आणि मुली मात्र शोभाच्या चुरगळलेल्या चादरीवर बसायला यायच्या. ती त्या वऱ्हाडातल्या मठाच्या पंचांपैकी एक झाली आणि मठाचे फोटो मला फोनवर पाठवू लागली. प्रत्येक फोटोत माणसांची ही गर्दी. माझा जळफळाट व्हायचा. मी उत्तरात फक्त अंगठा पाठवायची.

मंगरूळपीर

पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघाले आणि सकाळी मंगरूळपीरला उतरले. जानेवारीची थंडी होती. स्टँडसमोर एका कढईभोवती शालीत गुंडाळलेली माणसं उभी होती. मीही जाऊन उभी राहिले. कागदावर आलुबोंडा आला आणि त्याच्यावर न विचारता लाल रस्सा ओतला गेला. आमच्याकडे वडा कोरडा आणि चटणी बाजूला. इथे बोंडा रश्शात बुडला नाही तर गिऱ्हाईक रागावतं, असं दिसलं. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कढईवाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, "कोन्या गावच्या जी तुमी?"

"वाईकडची."

"मंग बरोबर हाये," तो म्हणाला आणि माझ्या बोंड्यावर आणखी थोडा रस्सा घातला.

शोभा तिच्या पुतण्याची जीप घेऊन आली. केस पांढरे, पायांत रबरी चपला, आणि मला पाहताच भर रस्त्यात मिठी. "किती वाळली व तू. जेवत नाईस का काई?" मी म्हटलं, जेवते. आसेगावच्या रस्त्याला लागेपर्यंत तिला ओळखीच्या इतक्या जणांनी थांबवलं, की मी मनातल्या मनात मोजायचं सोडून दिलं. एकाने तुरीच्या शेंगा दिल्या, एकीने सुनेची तक्रार सांगितली. आमच्या गावात मी रस्त्याने जाते तेव्हा लोक ‘नमस्कार बाई’ म्हणतात आणि बाजूला होतात.

मठ

रस्ता सोडून आत वळलं की चिंचांची दुतर्फा रांग, मग दगडी दरवाजा. दरवाजाला निळा ऑइलपेंट. मी जीपमधून उतरून तो रंग पाहिला आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. घडीव दगडाला निळा ऑइलपेंट लावणारी माणसं आपली स्पर्धक असूच शकत नाहीत, असं वाटलं.

आत तर आणखी बरं वाटायला जागा होती. बाग ओसाड नव्हती पण बाग म्हणावी अशीही नव्हती. संत्र्याची थोडी झाडं, मधेच वांगी, मधेच मिरची. महंतांची बारादरी, म्हणजे कमानींचा उघडा मंडप, अर्धी विटांनी बुजवलेली. मागे पत्र्याची लांबलचक शेड. मला वास्तू वाचायची सवय आहे. मी नखाने एका खांबाचा रंग टोकरून पाहिला: पिवळ्याखाली गुलाबी, गुलाबीखाली निळा, निळ्याखाली चुना.

"कायले खरवडून राह्यली?" शोभाने विचारलं आणि मग तिनेच उलगडून सांगितलं. महंतांच्या माघारी इथे कापसाचा रेचा होता, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करायचा कारखाना. चुना त्यांचा, पत्र्याची शेडही त्यांचीच. रेचा बंद पडल्यावर शाळा भरली, तिचा निळा. मग मुलींचं वसतिगृह, त्यांनी गुलाबी मागितला. मग सोयाबीनचं गोदाम, त्यांनी काहीच लावलं नाही. पिवळा आत्ताचा, एका लग्नवाल्याने मांडवाबरोबर रंगही करून दिला. "जो आला त्यायनं आपला रंग मारला. आमी कोनाले नाई नाई म्हनलं."

दरवाजाशेजारच्या देवडीत रहीमचाचा कापूस पिंजायच्या मशीनशी बसले होते. त्यांचं घराणं मंगरूळपीरचं; गाद्या-रजया भरण्याचा धंदा. रेचा होता तेव्हा त्यांच्या वडिलांनी इथे बस्तान बसवलं ते उठलंच नाही. मी जवळ गेले आणि मशीन सुरू झालं. माझी करड्या रंगाची इरकल क्षणात पांढरी झाली आणि मी शिंकत सुटले. चाचांनी मशीन बंद केलं. "माफ करा ताई. पन हे पा, पावनी आली की कापूस अंगावर बसते इथी. शगुन हाये." नंतर कळलं की तो शगुन वगैरे काही नसतो, त्यांनी तो माझ्यासाठी तिथल्या तिथे तयार केला होता.

पुढे महंतांच्या समाध्या. मधल्या समाधीच्या चौथऱ्यावर बायकांनी जुनं धोतर अंथरून मुगाच्या वड्या वाळत घातल्या होत्या. आता मात्र माझ्यातली चिटणीस जागी झाली. मी म्हटलं, "शोभा, समाधीवर वड्या?"

"मंग? तथी ऊन दिवसभर राह्यते."

"अगं, पण समाधी आहे."

"बाबा आयुष्यभर लोकायले जेऊ घालत होते," वड्या उलटवणारी एक बाई मान वर न करता म्हणाली. "त्यायले वड्याचा तरास होत नसन."

बारादरीत बचतगटाच्या बायका तुरीची डाळ करत होत्या. शेडमध्ये लग्नाची भांडी, मांडवाचे बांबू आणि कुणाची तरी सोयाबीनची पोती. एका खोलीत शिवणयंत्रं. सोमवारी दवाखान्याची गाडी येते, गुरुवारी भजन, रामनवमीला पोहरादेवीला जाणारे लोक जेवायला उतरतात. मी प्रत्येक ठिकाणी मनात नोंद करत होते: इथे ओल, इथे सिमेंट, इथे ट्यूबलाइट. आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी सरकून मला बसायला जागा करत होतं. वाईट काम केलेलं होतं सगळं. माझ्या मठात असं एकही वाईट काम नाही, आणि बसलेलं माणूसही नाही. दुपारपर्यंत माझ्या चांगलंच पोटात दुखायला लागलं होतं, आणि ते आलुबोंड्याने नव्हे.

पाहुणा

हंडा दिसेना तेव्हा मी शेवटी विचारलं. शोभा म्हणाली, "पावना गावात गेला हाये. उद्या येते."

तिथे हंड्याला पाहुणाच म्हणतात, कारण तो परगावाहून आला. तो कुणालाही मिळतो. लग्न, बारसं, तेरावं, दर्ग्याचा उरूस, काहीही असो; येऊन मागायचं, आणि मागितलं की नाही म्हणायचं नाही. भाडं नाही, कुठे सही नाही. नियम एकच: पाहुणा रिकामा परत यायचा नाही. तळाला काहीतरी घालूनच आणायचा. ज्याची जशी ऐपत तसं कुणी पायलीभर तूर घालतं, कुणी गूळ, कुणी नुसते कांदे. मठाची चूल त्याच्यावर चालते. आमच्या घरीही शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवत नाहीत, पण आम्ही त्या वाटीत चार बत्तासे घालून मोकळे होतो. या लोकांनी वाटीएवढ्या रीतीवर अख्खा मठ चालवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ट्रॅक्टरमधून आला. मी पुष्कळ तांबं पाहिलं आहे, पण असा काठ, असा घाट मी पाहिलेला नाही. बाहेरून काजळीने काळाकुट्ट, आतून नव्या कल्हईने चकचकीत, आणि तळाला कुणाच्या तरी नातवाच्या बारशातून उरलेले तांदूळ. तो उतरवायला न बोलावता आठ-दहा जण धावले. माझ्या डोळ्यांपुढे तो आमच्या मठात, सागवानी चौथऱ्यावर, वर एक मंद दिवा, असा उभा राहिला. मला तो हवाच होता. इतकी हाव मला कधी सोन्याची सुटली नाही.

त्याच दिवशी रोडग्यांचं जेवण होतं. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे आणि फोडून तुपात बुडवायचे. बरोबर वांग्याची भाजी आणि हंडाभर वरण. हा स्वयंपाक तिकडे पुरुष करतात. बायका निंबाखाली बसून सूचना देतात. आमच्याकडचे पुरुष पंगतीत वाढतात तेवढ्यानेही त्यांचा सत्कार करावा लागतो, हे मी तिथे सांगितलं, तर बायका खूप हसल्या.

वरणाला उकळी फुटत होती. हंड्याच्या काठावर काही अक्षरं कोरलेली असतील तर आमच्या मठाचा हक्क शाबीत होईल, म्हणून मी वाकून आत पाहू लागले. वाफेने चष्मा धुरकटला, मी तो पुसायला गेले आणि तो सरळ वरणात. मग झाऱ्याने शोधाशोध सुरू झाली. प्रत्येकाने एकेकदा झारा फिरवून नशीब आजमावलं. शेवटी चष्मा सापडला, गरम पाण्याने धुतला गेला, तरी काचांना हळदीची पिवळी झाक राहिलीच. अक्षरं मात्र सापडली नाहीत. ते वरण सगळ्यांनी खाल्लं, मी दोनदा मागून खाल्लं. असं वरण घरी होत नाही हे कबूल करायला मला आजही जड जातं.

निंबाखाली

जेवणं झाल्यावर पंच निंबाखाली बसले होते. शोभा, रहीमचाचा, आणि नामदेवराव म्हणून एक म्हातारे शेतकरी. मी पिशवीतून माझी तयारी बाहेर काढली. महंतांची परंपरा, आमच्या गावातली सांगीवांगी, आमच्या मठात हंडा ठेवायची बैठक अजून कशी रिकामी आहे त्याचा फोटो. भांडण होणार हे गृहीत धरून मी सगळे मुद्दे पाठ करून आले होते. शाळेत शिकवायची त्या आवाजात मी बोलले. हंडा मूळचा आमचा आहे, तो आम्हाला कायमचा परत द्यावा.

शोभा माझ्याकडे बघतच राहिली. तिला मी हे आधी सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं की मी तिला भेटायला आले आहे.

नामदेवरावांनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "म्हंजे हे भांडं तुमचं. आमच्या बाबानं नेलतं."

"हो."

"अन वापस नाई केलं."

"नाही केलं."

ते रहीमचाचांकडे वळले. चाचांचा चेहरा उतरला होता. "पराई अमानत," ते म्हणाले. "इतके साल आपन लोकायले सांगून राह्यलो का रिकामा आनू नका, वक्तावर आना. अन आपनच कोनाची चीज घेऊन बसलो."

"आमाले वाटे का बाबाचाच हाये," नामदेवराव मला म्हणाले. "बाबानं आनला एवढंच मालूम. मांगून आनला हे नाई मालूम. माफी करा बाई."

हंडा मागून नेला होता की महंताने आपलाच म्हणून नेला होता, हे मलाही माहीत नव्हतं. आमच्या गोष्टीत नुसता ‘नेला’ असं आहे. पण त्यांच्या हिशेबी भांडं एका घरातून दुसऱ्या घरात गेलं म्हणजे ते उसनंच. तिसरी शक्यता त्यांना सुचतच नव्हती. मी जिंकले होते, आणि मला अजिबात आनंद झाला नाही. त्यांनी भांडायला हवं होतं. माझ्या मठातली एक वीट कुणी मागितली असती तर मी कोर्टात गेले असते. यांनी आपल्या चुलीवरचा हंडा दिला आणि वर माफी मागितली. ज्याचं घर भरलेलं असतं त्यालाच असं देता येतं, असं वाटून मला त्या देण्याचाही हेवा वाटला.

"पन एक हाये," नामदेवराव म्हणाले. "रिकामा कसा देता येईन?"

संध्याकाळी शोभाच्या अंगणात आम्ही उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत बसलो. मग ती म्हणाली, "मैत्रीन म्हनून आली का ट्रस्टी म्हनून आली तू?"

मी म्हटलं, "मला तुझ्यासारखं जमत नाही, शोभा. मी इतकं केलं त्या मठाचं आणि तिथे कुणी फिरकत नाही. तू एक भिंत सरळ केली नाहीस आणि तुझ्याकडे उभं राहायला जागा नाही. मला हे बघवत नाही. वसतिगृहातही बघवायचं नाही."

ती शेंगा सोलत राहिली. "मले वाटे तुले आमी गबाळे वाटतो म्हनून तू येत नाईस," ती म्हणाली.

"ते तर वाटताच," मी म्हटलं. तेव्हा ती हसली आणि दाण्यांची वाटी तिने माझ्याकडे सरकवली.

आसेगाव

दुसऱ्या दिवशी आम्ही आसेगावला बाजाराला गेलो. हंडा परत जाणार ही बातमी आमच्या आधी तिथे पोचली होती. वांग्याच्या ढिगामागे बसलेल्या बाईने मला विचारलं, "तुमीच का त्या, पावना नेनाऱ्या?" मी मान खाली घालून हो म्हटलं. तिला राग आला असेल असं वाटलं. तिने चांगली बघून वांगी पिशवीत भरली. "हे घाला त्याच्यात. माह्या लग्नाचं जेवन त्याच्यातच शिजलं होतं." एक दुकानदार हळद घेऊन बाहेर आला. त्याच्या मुलाचा अकीका, म्हणजे बारशासारखं जेवण, त्याच हंड्यावर झाला होता.

मठात परतलो तो हंडा दरवाजात मांडलेला. लोक येत होते आणि काही ना काही घालत होते: तूर, ज्वारी, गूळ, हरभऱ्याची खुडलेली भाजी, वाळलेल्या मिरच्या, मानोऱ्याकडून आलेल्या एका तांड्यावरच्या बाईने आणलेले तीळ. बचतगटाने नवी डाळ घातली. समाधीवरच्या वड्याही आल्या. रहीमचाचांनी घडी करून एक रजई ठेवली. मी म्हटलं, चाचा, हे खायचं नाही. ते म्हणाले, "तुमच्याकडं नदीकाठी थंडी रायत असन. बसनाऱ्यायले होईन."

कुणी हंड्याला हात लावून नमस्कार केला नाही, कुणी रडलं नाही. जाताना एकदा आत डोकावून किती भरला ते बघायचे आणि ‘अजून मावते’ म्हणून घरी जाऊन आणखी काही आणायचे. मी देवडीच्या पायरीवर बसून ते पाहत होते. आमच्या मठासाठी भरत होता तो. आमच्या गावातल्या कुणी आमच्या मठासाठी मूठभर कधी काही आणलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मी कधी मागितलंही नव्हतं. मी त्यांना फक्त चपला बाहेर काढायला सांगत आले.

कृष्णाकाठी

हंडा टेम्पोने आला. शोभा, नामदेवराव, रहीमचाचा आणि रोडगे करणारे दोघे बरोबर आले, कारण घेतलेली वस्तू परत करायला स्वतः जायचं असतं. उतरल्या उतरल्या नामदेवरावांनी विचारलं, "चूल कुठी हाये?"

चूल मीच काढून टाकली होती. मी त्यांना पांढरंशुभ्र स्वयंपाकघर दाखवलं. त्यांनी मान हलवली, "छान हाये" म्हणाले, आणि अंगणात माझ्या हिरवळीवर खड्डा खणायला घेतला. मी आत जाऊन बसले, मला ते पाहवेना. पण हंडाभर धान्य आणि ओली वांगी काचेच्या कपाटात ठेवता येत नाहीत. ते शिजवणंच भाग होतं आणि शिजवलं तर खाणारे हवेत. मी गावात निरोप धाडला. धूर दिसला म्हणून निरोपाआधीच अर्धे लोक आले होते.

गावातल्या बायका पहिल्यांदाच मठात आल्या. काही तर माझ्या शेजारच्या गल्लीतल्या. त्यांनी चुन्याच्या भिंतींना पाठ टेकली. डाग पडले. रहीमचाचांनी आमच्या सरपंचांना वरण वाढलं, रजई एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या खांद्यावर गेली. हॉटेलवाल्याचा माणूस त्याच दिवशी जागा मोजायला आला होता. त्याला टेप लावायला मोकळी जमीन मिळेना, म्हणून तोही पंगतीला बसला. बैठक झाली, पण गावातले दोन विश्वस्त म्हणाले की आत्ताच सही नको, मुलींची लग्नं इथे करावीत असं घरातून म्हणताहेत. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. संपलेला नाही, पण हॉटेलवाल्याचा फोन पूर्वीसारखा रोज येत नाही.

वऱ्हाडची मंडळी गेल्यावर दुसऱ्या दिवशी गल्लीतली एकजण मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "बाई, ती माणसं परत कधी यायची?" मला थांबवून कुणी काही विचारण्याची ती पहिली वेळ, आणि विचारलं ते त्यांच्याबद्दल. मी म्हटलं, बघू.

हंडा मी सागवानी चौथऱ्यावर मांडला. दिवा लावला. लोक आले, पण बघायला नाही, मागायला. भैरोबाच्या जत्रेला दिला, एका बारशाला दिला. नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण तो आला कसा हे सगळ्या गावाने पाहिलेलं. दोन्ही वेळा तो रिकामा परत आला नाही. एकदा तांदूळ, एकदा नारळ. शनिवारी मुंबईहून एक अभ्यासक गृहस्थ मुद्दाम हंडा बघायला आले आणि त्यांना मी रिकामा चौथरा दाखवला.

परवा शोभाचा फोन आला. "उरूस आला व. पावना पायजे."

"तो आता आमचा आहे," मी म्हटलं.

"मंग मांगूनच तं राह्यली. तुमचा हाये म्हनूनच मांगा लागते."

मी विचारलं, कोण न्यायला येणार. तिने टेम्पोवाल्याचं नाव सांगितलं. मी म्हटलं, टेम्पोत माझीही जागा ठेव, हंडा मी एकटा पाठवणार नाही.

"काहून? भरोसा नाई?"

"नाही," मी म्हटलं. "भरोसा नाही, हे खरंच आहे. पण तो तिकडे जाणार, तुम्ही सगळे त्याच्याभोवती जमणार, आणि मी इथे चौथऱ्यासमोर बसून त्याची वाट बघणार. मला ते सहन होणार नाही, शोभा."

पलीकडे तिच्या मागे कापूस पिंजायच्या मशीनचा आवाज येत होता आणि बायका कशावरून तरी हसत होत्या. मग तिने विचारलं, "कांदे चिरता येतात का व तुले?"